काटकसर करूनही महिनाअखेर उसने का घ्यावे लागतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की घरात पाच माणसं, पगार एकाचाच, बाहेरचं खाणं बंद केलंय, लाइट-पंखे तुम्ही स्वतः फिरून फिरून बंद करता, आणि तरीही शेवटच्या आठवड्यात कुणाकडून तरी उसने घ्यावेच लागतात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात : सुरुवात कुठून करायची, आधी कार्डाचं कर्ज फेडायचं की आधी बचत, आणि जुना फ्रीज बदलला तर बिल कमी होईल का. मी बरीच वर्षं लोकांच्या घरखर्चाच्या वह्या त्यांच्याच शेजारी बसून बघत आलेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, घाई असेल तर दोन बैठकीत वाचा.

पहिलं म्हणजे तुम्ही उधळ्या आहात, हे डोक्यातून काढून टाका. तुम्ही दिलेला महिन्याचा हिशोब मी बघितला, त्यात कापण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही. पण त्या हिशोबात काय नाहीये ते बघा. मुलांची फी नाही, विम्याचा हप्ता नाही, चष्मा नाही, डॉक्टर नाही, गाडीचा टायर नाही, चपला-बूट नाहीत, नातेवाइकांकडच्या कार्यात द्यावी लागणारी भेट नाही, गळणारा नळ नाही. हे खर्च दर महिन्याला येत नाहीत म्हणून कुणी ते महिन्याच्या खर्चात धरत नाही, आणि ते आले की आपण म्हणतो "या महिन्यात जरा अचानकच आलं". अहो पण वर्षाचे बारा महिने काढून बघा, दर महिन्यात काही ना काही अचानक आलेलंच असतं! फी दरवर्षी त्याच महिन्यात येते, मुलांचे पाय दरवर्षी वाढतात, यात अचानक काय आहे.

माझ्या बघण्यात तंगीतली बहुतेक घरं इथेच अडकतात. रोजचा खर्च बायकांनी इतका घट्ट बांधलेला असतो की त्यातून आणखी पिळायला गेलं तर फक्त भांडणं निघतात, आणि हे अधूनमधूनचे खर्च मात्र मोकळे सुटलेले असतात.

म्हणून सुरुवात इथून करा. एका कागदावर गेल्या वर्षभरात असे जेवढे खर्च झाले तेवढे आठवून लिहा, बँकेचं स्टेटमेंट आणि मोबाईलवरच्या पेमेंटची यादी उघडून बसा म्हणजे विसरलेले पण सापडतात. त्यांची बेरीज करा आणि बाराने भागा. समजा महिन्याची मिळकत १०० धरली आणि वर्षभरातले हे खर्च मिळून १३२ निघाले, तर महिन्याला ११ झाले. म्हणजे तुमच्या हातात १०० येतात असं तुम्ही समजता पण खरे ८९ च येतात, आणि तुम्ही १०० च्या अंदाजाने घर चालवताय. कितीही पंखे बंद केले तरी हे ११ कुठून येणार? ते मग उसने किंवा कार्डावर येतात.

आता तुम्ही म्हणाल की मुळात उरतच नाही तर ११ बाजूला काढू कुठून. लगेच ११ काढायला मी सांगतच नाही. यादीतला सगळ्यात जवळचा खर्च कोणता ते बघा, आणि फक्त त्याच्यापुरतं सुरू करा, ३ जमले तर ३. पगार आला त्याच दिवशी, वेगळ्या खात्यात किंवा वेगळ्या पाकिटात, आणि पाकिटावर त्या खर्चाचं नाव लिहा. नाव लिहिणं महत्त्वाचं आहे. नुसती "बचत" असं लिहिलेल्या पाकिटातून पटकन पैसे उचलले जातात पण "मुलीची फी" लिहिलेल्या पाकिटाला हात लावताना माणूस थबकतो. पैसा सगळा सारखाच असला तरी आपण मनात त्याचे वेगवेगळे कप्पे करतो आणि तसे वागतो, रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय, त्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या आज्या हे डबे करून करतच होत्या.

आता दुसरा प्रश्न, कर्ज आधी की बचत आधी. लोक सरळ सांगतात की कर्ज आधी, कारण व्याज जास्त. आकड्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे पण हाताशी काहीच नसताना सगळा पैसा कर्जात घातला तर पुढचा टायर पुन्हा कार्डावरच जातो. म्हणून आधी एक छोटी गंगाजळी, साधारण एक मोठा अचानक खर्च निघेल एवढी, आणि मग सगळा जोर कर्जावर. आणि कार्ड त्या काळात घरात कुठेतरी लांब ठेवा, मोबाईलमध्ये सेव्ह केलेलं असेल तर तिथूनही काढा.

कर्जाचं मात्र एक गणित तुम्हाला नीट दाखवायचंय, कारण तुम्ही लिहिलंय "दर महिन्याला मिनिमम ड्यू न चुकता भरतो". ते वाचून मला खरंच काळजी वाटली. समजा कार्डावर १०० थकलेत, व्याज महिन्याला ३ टक्के, आणि कमीत कमी भरायची रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. म्हणजे भरलेल्या ५ पैकी ३ व्याजात गेले, मूळ कर्ज फक्त २ ने कमी झालं. पुढच्या महिन्यात थकबाकी ९८, त्यामुळे भरायची रक्कमही कमी झाली, आपल्याला बरं वाटतं की हप्ता हलका होतोय, पण म्हणूनच ते कर्ज संपत नाही. या वेगाने १०० चे ५० व्हायला ३४ महिने लागतात, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं, आणि तोवर तुम्ही साधारण १२५ भरलेले असता. १२५ भरून कर्ज फक्त ५० ने कमी!

आता तेच जर तुम्ही ठरवलं की बिलावर कमीत कमी रक्कम कितीही छापून येऊ दे, मी दर महिन्याला ५ म्हणजे ५ च भरणार, रक्कम कमी होऊ देणार नाही, तर ३१ महिन्यांत पूर्ण १०० चं कर्ज संपतं, अर्थात त्या काळात कार्डावर नवीन खरेदी करायची नाही. पहिल्या महिन्यात दोन्हीकडे सारखेच ५ भरलेत, जास्तीचा एक पैसा सुरुवातीला लागलेला नाही, फक्त हप्ता हलका होऊ दिला नाही. पैसे वाचवायच्या मला माहीत असलेल्या युक्त्यांमध्ये कार्डाचं कर्ज असणाऱ्या घरासाठी याच्याइतकी मोठी दुसरी नाही. ३ टक्के महिना म्हणजे वर्षाला ३६ असंही समजू नका, चक्रवाढीने ते ४२ टक्क्यांच्या पुढे जातं.

तसंच हप्त्यावर वस्तू घेताना दुकानदार "फक्त १२ टक्के, फ्लॅट" म्हणतो तेव्हा थांबा. फ्लॅट म्हणजे वर्षभर पूर्ण रकमेवर व्याज, जरी तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असलात तरी. १०० वर १२ लावून ११२ चे बारा हप्ते पाडले तर खरा वार्षिक दर २१ टक्क्यांच्या वर पडतो. दर घटत्या शिल्लकेवर आहे का, हे विचारायचं, लाजायचं नाही.

दोन-तीन कर्जं असतील तर जास्त व्याजाचं आधी, हा नियम. पण एखादं अगदी छोटं कर्ज दोन महिन्यांत संपत असेल आणि त्याचा हप्ता मोकळा होत असेल तर मी ते आधी संपवा म्हणेन, तंगीत दर महिन्याला मोकळा झालेला हप्ता फार कामाचा असतो.

आता घरातल्या बिलांकडे येऊ. तुम्ही दिवे बंद करत फिरता ते चांगलंच आहे पण मोठा पैसा तिथे नाहीये. घरात ऊर्जा खाणारी मुख्य गोष्ट म्हणजे उष्णता, काहीही तापवणं किंवा थंड करणं. हिशोब करू. ९ वॉटचा एलईडी रोज ५ तास जळला तर महिन्याला सव्वा-दीड युनिटच्या मध्ये कुठेतरी येतो, १.३५. आणि अंघोळीचं पाणी? एका माणसाला १५ लिटर, ते २५ अंशांनी तापवायचं तर ०.४४ युनिट लागतं, पाच माणसांचे महिन्याचे ६५ युनिट झाले. हे पाणी जर २५ ऐवजी २० अंशांनीच तापवलं, म्हणजे कढत करून मग त्यात थंड मिसळण्यापेक्षा मुळात कमी वेळ तापवलं, किंवा बादली थोडी कमी भरली, तर १३ युनिट वाचतात, म्हणजे तुम्ही ज्या दिव्यासाठी मुलांवर ओरडता तसे नऊ-दहा दिवे. ओरडायचंच असेल तर गीझर चालू ठेवून मोबाईल बघत बसणाऱ्यावर ओरडा. टाकीवाला गीझर तासभर आधी लावून ठेवला की पाणी तापतं आणि मग हळूहळू निवतं, पुन्हा तापतं, ते सगळं बिलात येतं. गॅसवर पाणी तापवत असाल तरी गणित तेच आहे, फक्त मीटरऐवजी सिलिंडर लवकर संपतो.

स्वयंपाकातही तसंच. पाणी एकदा उकळायला लागलं की साध्या भांड्यात ते साधारण १०० अंशांच्या वर जातच नाही, तुम्ही कितीही मोठी आच ठेवा, पदार्थ लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. आणि वाफ करणं फार महाग आहे : एक लिटर पाणी २५ वरून १०० अंशांपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सातपट उष्णता तेच पाणी पूर्ण वाफ करून उडवायला लागते. म्हणून झाकण आणि उकळी आल्यावर मंद आच, या दोन सवयींनीच इंधनात फरक दिसतो. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जातं म्हणून तिथे खरंच लवकर शिजतं, पण तिथेही दाब आला की आच बारीक करा, सुसाट शिट्ट्या काढण्यात नुसती वाफ जाते. कडधान्य रात्री भिजत घाला. ज्वाळा भांड्याच्या कडेने वर येताना दिसत असेल तर तेवढा गॅस हवा तापवायला चाललाय. आणि शिजत आलेलं भांडं झाकणासकट जाड गोधडीत गुंडाळून ठेवलं तर उरलेलं शिजणं त्याच उष्णतेत होतं, फक्त ते तासन् तास कोमट होऊ देऊ नका, खाण्याआधी पुन्हा एक उकळी आणा, नाहीतर पोट बिघडून वाचवलेलं सगळं औषधात जाईल.

बाकी बिलातलं थोडक्यात. चोवीस तास चालू राहणारं बारीकसं काहीतरी शोधा, सेट-टॉप बॉक्स, जुना अडॅप्टर वगैरे, सतत १० वॉट खाणारी वस्तू वर्षाला जवळपास ८८ युनिट खाते. इस्त्री एकदम सगळ्या कपड्यांची. वॉशिंग मशीनला गरम पाण्याचा प्रोग्राम रोज लागत नाही, मशीनची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते. डिटर्जंट निम्मं करून बघा, मळका कपडा नसेल तर चालतं. नळ थेंब थेंब गळत असेल तर रात्रभर खाली भांडं ठेवा, सकाळी किती साठलं ते बघा म्हणजे प्लंबर बोलावणं परवडतं की नाही ते डोळ्यांना दिसेल. संडासच्या टाकीत खायचा रंग टाका, फ्लश न करता अर्ध्या तासात खाली रंग आला तर टाकी गळतेय.

आता खाणं. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखवलं होतं की घर जितकं गरीब तितका मिळकतीचा मोठा हिस्सा खाण्यावर जातो. त्यामुळे कुणीही काटकसरीचा सल्ला द्यायला बसलं की आधी ताटाकडे बघतं, आणि याचा मला राग येतो. घरातल्यांच्या, त्यातही मुलांच्या ताटातलं कमी करून बचत करू नका. कमी करायचं ते फेकलं जाणारं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात १०० कोटी टनांहून जास्त अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधून गेलं, हॉटेलांमधून किंवा दुकानांमधून नाही.

तुमच्या घरात काय फेकलं जातं ते दोन आठवडे लिहून ठेवा. फक्त फेकलेलं, काय आणि का. मला बघायला मिळालेल्या वह्यांमध्ये कारणं तीच तीच असतात : फ्रीजमध्ये मागे राहून विसरलं, जास्त शिजवलं, स्वस्त मिळालं म्हणून जास्त आणलं. पहिल्यावर उपाय म्हणजे फ्रीजचा पुढचा एक कप्पा "आधी हे संपवा" म्हणून ठरवून टाकायचा आणि रोज काय शिजवायचं ते तो कप्पा बघून ठरवायचं, उलटं नाही. पिकलेली फळं पालेभाजीशेजारी ठेवू नका, त्यातून इथिलीन वायू निघतो आणि भाजी लवकर पिवळी पडते. पालेभाजी कोरड्या कापडात किंवा कागदात गुंडाळली तर जास्त टिकते. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे आणि फ्रीज ४ अंशांच्या आसपास हवा.

पॅकेटवरच्या तारखेमुळेही बरंच चांगलं अन्न फेकलं जातं. "या तारखेपूर्वी उत्तम" असं लिहिलं असेल तर ती चव आणि कुरकुरीतपणाबद्दलची गोष्ट आहे, नीट ठेवलेला कोरडा माल त्यानंतरही बघून, वास घेऊन वापरता येतो. पण "या तारखेपर्यंतच वापरा" असं असेल तर ते सुरक्षिततेचं आहे, तिथे काटकसर करायची नाही.

खरेदीत किमतीकडे बघू नका, किलोमागे किंवा लिटरमागे किती पडतं ते बघा, कारण कंपन्या किंमत तीच ठेवून पाकिटातलं वजन कमी करतात. मोठं पॅक बहुतेकदा स्वस्त पडतं, नेहमी नाही. आणि तंगीच्या घरात मोठ्या पॅकचा अजून एक तोटा असतो जो कुणी बोलत नाही : एकदम एवढे पैसे अडकले की महिनाअखेरीला रोकड संपते, आणि त्या उसन्या पैशाची किंमत पॅकमध्ये वाचलेल्यापेक्षा जास्त असते. म्हणून फक्त न खराब होणाऱ्या आणि नक्की लागणाऱ्या दोन-चार वस्तू मोठ्या घ्या, तेही गंगाजळी झाल्यावर. शिवाय मोठ्या बाटलीतून तेल किंवा शाम्पू ओतताना हात सैल सुटतो, छोट्या बाटलीत काढून वापरा.

कशावर कापू नये तेही सांगते. दात, डोळे, चालू असलेली औषधं, गाडीचे ब्रेक, गळणारं छप्पर, आजारपणाचा विमा. हे पुढे ढकललं की काही पटींनी परत येतं. मी अशी घरं बघितलीत जिथे दातात साधी फिलिंग भरायची टाळली आणि पुढे रूट कॅनालपर्यंत गेलं.

हिशोब ठेवण्याबद्दल. ॲप वापरा किंवा वही, मला वही आवडते कारण ती घरातल्या सगळ्यांना दिसते. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही छापून काढली, काकेइबो म्हणतात तिला, आणि तशा वह्या तिथे आजही विकल्या जातात. पैसा पाठवायला आता एक बोट लागतं त्यामुळे गेलेला जाणवतच नाही, हाताने लिहिताना जाणवतो. पण रोज पैसा पैसा लिहायचा हट्ट करू नका, लोक दोन-तीन आठवड्यांत सोडून देतात, आठवड्यातून एकदा बसून मुख्य आकडे लिहिले तरी पुरे. त्याच वेळी दर महिन्याला आपोआप कापली जाणारी सबस्क्रिप्शन बघून घ्या.

आणि हे तुम्ही एकटीने करू नका. तुमच्या लिहिण्यावरून वाटलं की घरात बाकीच्यांना नक्की आकडा माहीतच नाही, तुम्हीच सगळं ओढताय. नवऱ्यालाच नाही, मोठ्या मुलांनाही सांगा की एवढे येतात आणि एवढे जातात. मुलं घाबरत नाहीत, उलट कारण कळलं की हट्ट कमी होतो, नुसतं "परवडत नाही" ऐकून जास्त कोमेजतात. आणि अगदी छोटी का होईना, प्रत्येकाला एक रक्कम द्या जिचा हिशोब कुणी विचारायचा नाही, तुम्हालासुद्धा. ज्या घरात हे नसतं तिथे लपवाछपवी सुरू होते आणि मग कुठलाच हिशोब जुळत नाही.

राहिला फ्रीज. बदलण्याआधी तो किती खातो ते मोजा. सगळे दिवसभर बाहेर जाणार असतील त्या दिवशी फ्रीज सोडून सगळं बंद करा, निघताना मीटरचं रीडिंग लिहा, आल्यावर परत लिहा, त्यावरून चोवीस तासांचा अंदाज काढा. घर बंद असताना दार उघडत नाही म्हणून रोजचा आकडा थोडा जास्त धरा. नवीन फ्रीजच्या लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. समजा जुना दिवसाला १.६ खातो आणि नवा ०.६ खाणार, तर वर्षाला ३६५ युनिट वाचतील, त्याला तुमच्या युनिटच्या दराने गुणा आणि नव्या फ्रीजच्या किमतीला त्या रकमेने भागा, म्हणजे किती वर्षांत पैसे वसूल होतात ते कळेल. चार-पाच वर्षांच्या आत होत असतील आणि रोख घेता येत असेल तर विचार करा. हप्त्यावर व्याज भरून घेणार असाल तर तुमच्या सध्याच्या परिस्थितीत मी नको म्हणेन, आधी कार्ड संपू दे. तोवर दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा, पट्टी सहज ओढून निघाली तर रबर ढिला झालाय, तो बदलायला फ्रीजच्या मानाने किरकोळ खर्च येतो. मागची जाळी पुसा, भिंतीपासून थोडा पुढे ओढा, गरम भांडं तसंच आत ठेवू नका. बर्फाचा थर जमत असेल तर वेळच्या वेळी काढा. आणि रीडिंग घेतलंत की मला आकडा कळवा, नव्या फ्रीजच्या लेबलवरचे युनिट आणि तुमचा युनिटचा दर पण लिहा, मी हिशोब करून देते.